मला नाही बाई जमायचं

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून एखाद्या शिकलेल्या बाईंना व्याख्यानासाठी बोलवावे, अशी आपली आजवरची रीत. यंदा कार्यकारिणीने ठरवले की घरचीच कोणीतरी बोलू दे. आणि ते काम माझ्या गळ्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. वाचनाची गोडी मात्र मला आहे. दुपारची झाकपाक झाली की हाताला लागेल ते वाचते आणि संध्याकाळी भाकरी थापताना तेच मनात घोळवत राहते. आजचे बोलणे अशाच घोळवण्यातून निघालेले आहे.

विषय कोणता घ्यावा हे ठरत नव्हते. म्हणून गेले तीन महिने मंडळात बसल्या बसल्या कोण काय बोलते ते जरा कान देऊन ऐकले. सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य कानी पडले, सांगू? “मला नाही बाई जमायचं.” बँकेत जाऊन गटाचे पैसे भरायचे निघाले, की हेच. नळाला तीन दिवस पाणी नाही, चला नगरसेवकाकडे जाऊन बोलू, म्हटले की हेच. भजनाला पेटी कोण वाजवील? हेच. मोबाईलवरून लाइटचे बिल भरायला लेक शिकवते आहे, तरी हेच. आणि हे म्हणणाऱ्या बायका कोण? तर पन्नास माणसांच्या स्वयंपाकाला तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती हे वजनकाट्याशिवाय नुसत्या नजरेने सांगणाऱ्या. लग्नाचा बस्ता बांधताना दुकानदाराला घाम फोडणाऱ्या. सासऱ्यांच्या पथ्याचे, मुलांच्या परीक्षेचे आणि गॅसच्या नंबराचे वेळापत्रक एकाच डोक्यात ठेवणाऱ्या. एवढे सगळे ज्यांना जमते त्यांनाच ‘जमायचं नाही’ असे का वाटावे, हा मला कोडे पडल्यासारखा प्रश्न वाटला.

आता तो नुसता कोड्याचा प्रश्न राहिलेला नाही, हेही आपण जाणतोच. आपल्या बचत गटाची रोजकीर्द आणि खतावणी गेली सहा वर्षे गल्लीतले काका लिहितात. पैसा मागत नाहीत, चहासुद्धा नको म्हणतात. त्यांचे उपकार आहेत. पण दिवाळीनंतर ते मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला जाणार. मागच्या सभेत अध्यक्षाबाईंनी विचारले, “वही कोण लिहील?” आपण चोवीसजणी होतो. चोवीसहीजणी सतरंजीकडे पाहू लागल्या. शेवटी एकजण म्हणाली की, माझ्या पुतण्याला विचारते. दुसरी म्हणाली, नाहीतर गट बंद करू. बायकांनी वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये करून जमवलेला गट, ज्यातून दोघींच्या शिलाई मशीन आल्या आणि एकीच्या नवऱ्याचे ऑपरेशन झाले, तो एका वहीपायी बंद करायचा! म्हणून आज या विषयावर बोलते आहे.

मनाशी बोलणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. समर्थ रामदासांनी मनाला समोर बसवून दोनशे पाच श्लोक सांगितले. एपिक्टेटस नावाचा एक तत्त्वज्ञ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. तो जन्माने गुलाम होता. घडणाऱ्या गोष्टींपेक्षा त्या गोष्टींविषयीची आपली समजूत माणसाला जास्त त्रास देते, असे तो शिकवीत असे. त्याच धाग्यावर अमेरिकेत अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास उपचाराची एक पद्धत बसवली. मराठीत तिला विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणतात. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे आणली व रुजवली. मी त्यावरची एक लहानशी मराठी पुस्तिका वाचली. शब्द अवघड होते, पण गोष्ट चुलीजवळची निघाली.

समजा, भाकरी तव्यावर टाकताना मोडली. एवढे घडले. आता एक बाई म्हणते, “पीठ जुनं झालंय, जरा गरम पाण्यात मळायला हवं होतं,” आणि दुसरा गोळा घेते. दुसरी बाई म्हणते, “माझ्या हातून काहीच धड होत नाही,” आणि तिचे डोळे भरतात. मग दुसरी भाकरीही मोडते, कारण हात थरथरतो. पीठ तेच, तवा तोच, मोडलेली भाकरीही तीच. फरक पडला तो मध्ये आलेल्या विचाराने. आपल्याला वाटते भाकरी मोडली म्हणून रडू आले. भाकरी आणि रडू यांच्यामध्ये एक वाक्य होते. ते इतक्या झटकन येऊन जाते की आल्याचे कळतसुद्धा नाही. ते वाक्य पकडायला शिकणे, एवढाच त्या विद्येचा पहिला पाठ आहे.

मी ते पकडायचा नाद लावून घेतला. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती पुस्तिकेत नव्हती, माझी मलाच सापडली. असल्या वाक्यांत ठरावीक शब्द असतात. ‘काहीच’, ‘कधीच’, ‘सगळेच’, ‘नेहमीच’. हा शेवटचा ‘च’ मोठा लबाड आहे. ‘मला काहीच येत नाही’ या वाक्यावर कोणताही उपाय चालत नाही, कारण ‘काहीच’ला सुरुवात कोठून करायची? पण तो शब्द काढून नेमके काय येत नाही ते म्हणून पाहा. ‘मला बँकेची पैसे भरायची चिठ्ठी लिहिता येत नाही.’ आता हे वाक्य एकदम लहान झाले. चिठ्ठीत सात-आठ रकाने असतात. खाते क्रमांक, नाव, तारीख, रक्कम अंकांत, रक्कम अक्षरांत, सही. यातले नाव, तारीख आणि सही तर येतेच. उरले चार रकाने. चार रकाने एका दुपारी शिकता येतात. ‘काहीच’ शिकायला जन्म पुरत नाही.

आणखी एक पाहा. जे वाक्य आपण स्वतःला बोलतो ते शेजारच्या लेकीला बोलू का? तिची शिवण वाकडी गेली तर ‘तू जन्माची वेंधळी’ असे आपण तिच्या तोंडावर म्हणणार नाही. म्हणू, ‘उसव, पुन्हा घाल.’ मग स्वतःला ‘उसव, पुन्हा घाल’ म्हणायला काय हरकत आहे?

ही वाक्ये मनात येतात कोठून, असेही कोणी विचारील. मला वाटते, पुष्कळशी बाहेरून आलेली असतात आणि ऐकून ऐकून आपल्याच आवाजात बोलू लागतात. घराघरांत पाहावे. मुलाच्या हातून काचेचा पेला पडला तर ‘पेला फुटला’ म्हणतात. मुलीच्या हातून पडला तर ‘हिचं लक्षच नसतं’ म्हणतात. पेला एकच, पण एकाची चूक पेल्यावर जाते आणि दुसरीची स्वभावावर. पंधरा-वीस वर्षे हे ऐकलेली मुलगी पुढे चोवीसजणींत बसून सतरंजीकडे पाहील, नाही तर काय करील?

आता पुस्तकातले पुरे. आपल्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण सांगते. माझे माहेर जामखेड तालुक्यातले, म्हणून ते मला जवळचेही आहे. याच तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव, ज्यांचे नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्याला मिळाले. पण मला सांगायचे आहे ते राण्यांचे नव्हे, ज्यांना गावात कोणी नावानेही हाक मारत नसे अशा बायकांचे.

जामखेड म्हणजे दुष्काळी मुलूख. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे आले. दोघेही वेल्लोरच्या कॉलेजातून डॉक्टर झालेले, पुढे अमेरिकेत शिकून आलेले. शहरात मोठा दवाखाना काढता आला असता. त्यांनी जामखेड निवडले. त्या वेळी तेथली स्थिती काय होती? १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. म्हणजे सहा पाळणे हलले तर त्यांतला एक रिकामा व्हायचा. आणि त्याला ‘नशीब’ म्हणत.

डॉक्टरांनी आधी खेड्यांत शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकट्या तरुण मुलीने राहणे अवघड, आणि गावातल्या बायका तिच्याजवळ मन मोकळे करीनात. तेव्हा त्यांनी गावांनाच सांगितले की, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या, तिला आम्ही शिकवतो. आणि निवडून कोण आल्या? पुष्कळशा निरक्षर. कित्येक दलित वस्तीतल्या. काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांना पाटी-पेन्सिल ठाऊक नाही, ज्यांनी परक्या पुरुषासमोर मान वर केलेली नाही, त्यांना बाळंतपण करणे, मुलांचे वजन घेणे, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, क्षय आणि महारोगाची लक्षणे ओळखणे हे शिकवायचे होते.

भगिनींनो, तेथे पहिली अडचण औषधांची आलीच नाही. अडचण आली ती आपल्याच वाक्याची. आम्ही बायामाणसं, आम्हांला अक्षर येत नाही, आम्हांला काय कळणार? म्हणून जामखेडच्या शिक्षणात औषधांइतकाच भर बाईच्या आत्मविश्वासावर देण्यात आला. त्या बायका आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत. निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र निजत. आपल्या गावात या आठवड्यात काय घडले, कोठे अडले, ते एकमेकींना सांगत. लिहिता येत नव्हते म्हणून ऐकून, बोलून, पुन्हा पुन्हा सांगून पाठ करीत. आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा येत. हे ‘पुन्हा येणे’ मला फार महत्त्वाचे वाटते. एका दिवसाच्या व्याख्यानाने, अगदी माझ्या या भाषणानेसुद्धा, कोणाचे मन बदलत नाही.

आमच्या गावातही अशी एक आरोग्यसेविका होती. तिचे घर गावाबाहेरच्या वस्तीत. माझी आजी जुन्या वळणाची. तिला पाणी द्यायचे तर वरून ओंजळीत ओतायची. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला रात्री कळा सुरू झाल्या आणि मूल अडले. एसटी सकाळची. आजीनेच वडिलांना कंदील देऊन वस्तीकडे पिटाळले. ती बाई आली, हात धुतले, नवे पाते उकळून घेतले, आजीला म्हणाली, “आजी, तुम्ही जरा बाहेर बसा, तुमची घाई मला नको.” आमच्या आजीला असे बोलण्याची छाती माझ्या वडिलांचीही नव्हती. आजी निमूट ओसरीवर जाऊन बसली. पहाटे भाऊ झाला. सकाळी आजीने तिला आपल्या बाजेवर बसवून कपबशीतून चहा दिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन.

पुढे मोठी झाल्यावर मी त्या बाईंना विचारले होते की, मावशी, तुम्हांला पहिल्यांदा भीती नाही वाटली? त्या हसल्या. म्हणाल्या, “भीती? अगं, जामखेडला शिकून यायची आणि घरी येऊन समदं शेळीला सांगायची. शेळीला आधी शिकवलं, मग सासूला, मग गावाला. शेळी कधी नाही म्हणत नाही बघ.”

मला त्यांचे हे बोलणे फार आवडते. आपल्याला वाटते आधी धीर यावा, मग काम हाती घ्यावे. त्या बाईंचा क्रम उलटा होता. काम आधी केले, लहान करून, शेळीपुढे. धीर मागाहून आला. धीर येण्याची वाट पाहत बसल्या असत्या तर आमच्या आईचे काय झाले असते कोण जाणे.

अशा बायका गावोगाव तयार झाल्या. जोडीला महिला मंडळे आणि शेतकऱ्यांची मंडळे निघाली. जेथे हजारी १७६ मुले जात होती, तेथे पंचवीस वर्षांच्या आत तो आकडा तिसाच्याही खाली आला. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. सरकारने २००५ साली गावोगाव ‘आशा’ नेमायचे ठरवले, तेव्हा जामखेडचा हा अनुभव पुढे होताच. आपल्या दारी येणारी आशाताई ही एका अर्थाने त्या निरक्षर बायकांची धाकटी बहीणच आहे.

त्यांतल्याच मुक्ताबाई पोळ यांची हकिकत पुष्कळ ठिकाणी छापून आलेली आहे. १९८८ साली त्या अमेरिकेत वॉशिंग्टनला आरोग्याच्या एका मोठ्या परिषदेत बोलल्या. समोर देशोदेशींचे डॉक्टर आणि अधिकारी बसलेले. मुक्ताबाईंनी सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवले, आणि मग आपल्या जवळचा साधा वातीचा दिवा काढून दाखवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, ही झुंबरे सुंदर आहेत खरी, पण महाग. आणि एका झुंबरावरून दुसरे झुंबर पेटत नाही. माझा दिवा स्वस्तातला आहे, पण त्याच्यावरून दुसरा दिवा लावता येतो, त्यावरून तिसरा. सभा उठून उभी राहिली. जामखेडच्या एका खेड्यातली बाई हे बोलली, आणि आपण वॉर्डाच्या कचेरीत पाण्याविषयी बोलायला कचरतो!

जामखेड थोडे अलीकडचे. त्याआधीचेही एक उदाहरण नगरलाच घडलेले आहे. लक्ष्मीबाई टिळक या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी. नगरला त्यांचे बरेच वास्तव्य होते. जन्म १८६८ चा, लग्न अकराव्या वर्षी, शाळा नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड होते; घरात येईल ती वस्तू धुतल्यावाचून चालत नसे. असल्या घरात वाढलेल्या मुलीच्या मनात विटाळाची भीती किती खोल गेली असेल याचा विचार करा. नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पण नुसत्या रडत राहिल्या नाहीत. त्या भीतीला त्यांनी एकेक प्रश्न विचारला. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने? आणि ज्या दिवशी उत्तर पटले त्या दिवशी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला आपली हरकत नाही, असे त्यांनी उघड सांगून टाकले. १९०० साली त्यांनीही तो धर्म घेतला. तो घ्यावा की न घ्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला येथे सांगायचे आहे ते एवढेच की, बाळपणापासून हाडीमासी खिळलेली भीतीसुद्धा प्रश्न विचारून विचारून सैल होते. पुढे याच बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मागे पुढे नेले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिले. आपल्या वाचनालयात ते आहे. वाचाच; हसून हसून पुरेवाट होते, आणि मध्येच घसा दाटून येतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याविषयी तर आपण सगळ्यांनी ऐकलेच आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावठी बियाणे जपले, त्याची बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. जास्त सांगत नाही, वेळ होतो आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर माझे हे सगळे बोलणे उलटे लागू पडेल. हल्ली ‘चांगला विचार करा, सगळे चांगले होईल’ असे सांगणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. मोबाईल उघडला की सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलावर हाच उपदेश. मला तो पटत नाही. ज्या बाईचा नवरा रोज पिऊन येतो, पगार गुत्त्यावर जातो आणि डब्यात पीठ नाही, तिचे दुःख तिच्या विचारातून आलेले नाही. तिला ‘विचार बदल’ म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला पाककृती वाचून दाखवणे आहे. जामखेडलासुद्धा लोकांनी डॉक्टरांना आधी सांगितले ते अन्न आणि पाण्याचे. १९७२ च्या दुष्काळात डॉक्टरांनी ते ऐकले. मुलांच्या जेवणाची सोय झाली, विंधन विहिरी खणल्या, हातपंप बसले, आणि कित्येक ठिकाणी ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले, म्हणजे सारा गाव तेथे पाण्याला येईल. नुसते ‘धीट व्हा’ म्हणून कोणी धीट झाले नाही. हाती काम आले, अडीला पैसा मिळू लागला, पाठीशी बायका आल्या, मग धीर आला. तेव्हा आपल्यातली कोणी अडचणीत असेल तर तिला उपदेश करण्याआधी तिच्या डब्यात पीठ आहे का ते पाहावे.

दुसरे असे की, मनालाही आजार होतो. तो विचाराच्या सवयीहून निराळा. दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, आवडत्या गोष्टीत मन रमत नाही, अंगात त्राण नाही, आणि ‘आपण नसलेलेच बरे’ असे वाटू लागले, तर तो आजार समजावा. बाळंतपणानंतर हा आजार पुष्कळजणींना होतो. आपल्या मागच्या गल्लीतली एक सून दोन वर्षांपूर्वी बाळंत झाली. बाळ गोंडस, घर चांगले, पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ म्हणे. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे झाले असेल, धागा आणा. तिची सासू मात्र शहाणी. म्हणाली, “देवाला नमस्कार मी रोज करते, पण हिला घेऊन मी डॉक्टरकडे जाणार.” नेले. औषध सुरू झाले, सासूने रात्री बाळ सांभाळून तिला झोपू दिले, आणि पाच-सहा महिन्यांत ती पोर हिंडू-फिरू लागली. मध्यंतरी तिने बाळाच्या वाढदिवसाला आपल्या सगळ्यांना बोलावले होते. ही हकिकत सांगायची परवानगी सासू-सुनांनी आपण होऊन दिली, म्हणून सांगितली. अशा आजारात ‘मन घट्ट कर’ म्हणण्यात अर्थ नाही. मोडलेल्या पायाला कोणी ‘घट्ट हो’ म्हणते का?

कोणाला असा त्रास असेल आणि जायचे कोठे ते कळत नसेल, तर भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ नावाची फोनची सोय केली आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येते. हा नंबर फळ्यावर लिहून ठेवला आहे, तो कोणी पुसू नये. ज्यांना सगळ्यांदेखत उतरवून घ्यायचा संकोच वाटेल त्यांच्यासाठी मी चिठ्ठ्या करून पाणी प्यायच्या माठाजवळ ठेवल्या आहेत. पाणी प्यायला म्हणून जावे आणि चिठ्ठी घ्यावी. घराघरांत असू द्यावी. आज नाही तर उद्या कोणाच्या तरी कामी येईल.

आता पुन्हा वहीकडे येते. मी काकांकडे जाऊन वही उघडून पाहिली. त्यात आहे काय? डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. तारीख, नाव, रक्कम, बाकी. महिन्याला फार तर साठ ओळी. व्याज काढायचे ते शेकडा दराने, आणि ते तर आपण सगळ्या तोंडी काढतो. सोनाराकडे काढत नाही का? बेरीज चुकली तर? चुकेल. काकांच्याही वहीत मला पांढऱ्या रंगाने खोडलेल्या अकरा जागा सापडल्या. काका तेथेच बसले होते, ते म्हणाले, “अकरा नव्हे, चौदा.”

एकीने सगळी वही लिहायची म्हटले तर पुन्हा तेच वाक्य निघेल. म्हणून मी असे सुचवते की, तिघींनी मिळून लिहावी. एक जमा लिहील, दुसरी खर्च लिहील, तिसरी बेरीज तपासील, आणि तीन महिन्यांनी कामे फिरवावीत. अध्यक्षाबाईंना हे पसंत आहे. काका दिवाळीपर्यंत दर बुधवारी दुपारी तासभर बसायला तयार आहेत. तोवर खरी वही काकाच लिहितील. आपण शंभर पानी कोऱ्या वहीत त्याची नक्कल करू. ती चुकली तरी गटाचा एक पैसाही इकडचा तिकडे होणार नाही. शेळीला सांगण्याचा प्रकार आहे हा.

पहिल्या तिघींत माझे नाव मी घातले आहे. दुसरे नाव काल संध्याकाळी मिळाले. ते त्यांनीच आपल्या तोंडाने सांगावे, अशी त्यांची इच्छा आहे. तिसरी जागा रिकामी आहे. येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता माझ्या घरी बसायचे. कोरी वही आणि पट्टी मी आणून ठेवली आहे. ज्यांना लांबचे-जवळचे दिसत नाही त्यांनी चष्मा तेवढा आठवणीने आणावा. चहा माझ्याकडे.